फुकटच्या सॉफ्टवेअरच्या दारातले आठ प्रश्न

मागच्या महिन्यात एका दुपारी जठारपेठेतून बाईंचा फोन आला. बाई म्हणजे पाचवी ते सातवी मला मराठी शिकवणाऱ्या बाई. आमच्या घरात उर्दू. म्हणजे वऱ्हाडातल्या मुसलमान घरांत बोलतात ती उर्दू, जिच्यात निम्मी मराठीच असते. अब्बांनी मला नगरपालिकेच्या मराठी शाळेत घातलं, तेव्हा माझं 'पाणी आला' खोडून त्यावर लाल शाईनं 'पाणी आलं' लिहिणाऱ्या या बाई. आज मी मराठीत चार ओळी लिहितो, त्याचं बरंचसं श्रेय त्यांचं.

बाई आता पंच्याहत्तरीला टेकल्या आहेत. मुलगा पुण्याला असतो, त्यानं आपला जुना लॅपटॉप आईजवळ ठेवून दिला. बाईंनी ठरवलं की शाळेच्या आठवणी लिहून काढायच्या: कोणत्या मुली शिकल्या, कोणत्या मधेच घरी बसवल्या गेल्या, कोणाच्या घरी जाऊन किती वेळा समजूत घातली. मोबाइलवर त्या मराठी टाइप करतातच, पण एवढं मोठं लिखाण मोबाइलवर होत नाही, मान दुखते. मी म्हटलं, "बाई, महागडं काही घेऊ नका. एक मुक्तस्रोत एडिटर आहे, साधं लिहायला पुरेसा. फुकट आहे. साइटवरून उतरवा आणि नेक्स्ट-नेक्स्ट करत जा. पाच मिनिटांचं काम."

ते पाच मिनिटांचं काम पावणेदोन तास चाललं.

"अरे, हे निळं काहीतरी आलं. तुमचा संगणक वाचवला म्हणते. कशापासून वाचवला?"

"काही नाही बाई. 'मोअर इन्फो'वर दाबा, मग खाली 'रन एनीवे' येईल, ते दाबा."

"म्हणजे तो नको म्हणून राहिला आणि तू म्हणतोस दाबा?"

इथून सुरुवात झाली. मग भाषा कोणती ते विचारलं, आणि यादीत मराठी नव्हती. मग इंग्रजीतला लांबलचक करार आला, मान्य आहे का म्हणून. मग हे सगळ्यांसाठी टाकायचं की फक्त तुमच्यासाठी. मग कोणत्या फोल्डरमध्ये. मग कोणकोणते भाग हवेत, त्याच्या अकरा चौकटी. मग स्टार्ट मेनूत कोणत्या नावानं दिसू दे. मग कोणत्या प्रकारच्या फाइली यातच उघडायच्या आणि 'पाथ'मध्ये नाव घालायचं का. ("पाथ म्हणजे कोणती वाट रे?") शेवटी, आताच उघडू का आणि या आवृत्तीत नवीन काय ते वाचणार का.

मी मोजले, आठ प्रश्न. निळी खिडकी आणि मधली परवानगीची खिडकी वेगळीच.

बाईंनी प्रत्येक पान वाचून काढलं. प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. मला मात्र त्या दिवशी कळलं की इतक्या वर्षांत ही पानं मी कधी वाचलीच नव्हती. आणि आठही वेळा मी बाईंना एकच उत्तर दिलं: "जे आहे ते तसंच राहू द्या, पुढे दाबा."

एडिटर एकदाचा उघडला. सगळा इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. बाई म्हणाल्या, "आज राहू दे बाबा. डोकं दुखून राहिलं." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. ज्या आठ प्रश्नांचं उत्तर प्रत्येक वेळी 'आहे ते राहू द्या' असंच असतं, ते प्रश्न विचारायचेच कशाला? माझं मत आता पक्कं झालं आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचा कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, हे सगळं खरं. पण त्याचा इन्स्टॉलर ज्याला ओलांडता येत नाही, त्याच्यासाठी ते बंदच आहे. इन्स्टॉलर ही शेवटी उरकून टाकायची बारीकशी बाब नाही. सामान्य माणसाची आणि त्या सॉफ्टवेअरची पहिली गाठ तिथेच पडते आणि अनेकांची शेवटचीही.

एका चौकटीची किंमत काय असते, हे मराठीला आणि उर्दूला चांगलं माहीत आहे. ज्यांनी २००१ नंतरची विंडोज एक्सपी वापरली त्यांना आठवत असेल. त्या संगणकात युनिकोड होतं, मंगल नावाचा देवनागरी फॉन्ट होता, पण मराठी लिहायची सोय सुरू केलेली नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, प्रदेश आणि भाषांच्या खिडकीत भाषांचं पान उघडायचं आणि तिथे एका चौकटीत खूण करायची. 'गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा' यांच्या फाइली टाका, अशा अर्थाची ती ओळ होती. खूण केली की संगणक सांगायचा, दहा एमबी किंवा जास्त जागा लागेल, आणि बहुतेक वेळा विंडोजची सीडी मागायचा. सीडी कोणाकडे असायची? संगणक जोडून देणाऱ्याकडे, आणि कित्येकदा त्याच्याकडेही नाही.

मला त्या चौकटीची एक गंमत नेहमी वाटते. देवनागरी आणि उर्दू, दोघींना तिथे एकाच ओळीत बसवलं होतं. बाहेर ज्यांच्या नावानं भांडणं लावली जातात त्या दोन्ही लिप्या विंडोजच्या लेखी एकाच वर्गातल्या: अवघड, म्हणून मागितल्याशिवाय द्यायच्या नाहीत. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली तेव्हा ही सोय आपोआप मिळू लागली.

मधल्या वर्षांत काय झालं? गावोगावच्या डीटीपी दुकानांनी कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टांवर काम चालवलं. या जुन्या पद्धतीत संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फक्त त्यांच्या जागी मराठी आकार दिसतात. असा फॉन्ट एका फोल्डरमध्ये चिकटवला की झालं. चौकट नाही, सीडी नाही. उर्दूवाल्यांकडे दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरचं १९९४ पासूनचं इनपेज होतं, त्यातलं नस्तालीक देखणं, पण त्याचीही सुरुवातीची सांकेतिक पद्धत स्वतःची, वेगळी. अर्थात सगळा दोष त्या एका चौकटीचा नाही. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, छपाईचं सगळं काम पेजमेकरवर, त्यामुळे दुकानदाराला दुसरा मार्गही नव्हता. पण घरी बसून दोन पानं लिहू पाहणाऱ्या माणसाला छपाईशी काय देणंघेणं होतं? त्याला ती चौकट सापडली नाही, एवढंच. तेव्हाचे लेख, पत्रिका, स्मरणिका आज उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि कन्व्हर्टर शोधत फिरावं लागतं.

आता मुक्तस्रोत एडिटरांकडे येऊ. हे लोक तर पैशासाठी काम करत नाहीत. मग त्यांच्या दारात इतके प्रश्न का?

पहिलं कारण म्हणजे सवय. इन्स्टॉलर तयार करायची साधनंही फुकट मिळतात. त्यातली दोन प्रसिद्ध: १९९७ पासूनचं इनो सेटअप आणि विनअँप बनवणाऱ्या नलसॉफ्टकडून आलेलं एनएसआयएस. या साधनांत पानांचा साचा तयारच असतो: स्वागत, करार, फोल्डर, घटक, समाप्त. बनवणारा तो साचा तसाच उचलतो. खरं तर पानं गाळायची सोय दोन्हींत आहे. इनो सेटअपनं तर नंतरच्या आवृत्त्यांत स्वागताचं पान आपणहून दाखवणंच बंद केलं. म्हणजे साधन बनवणाऱ्यांना कळलं, वापरणाऱ्यांना अजून कळायचं आहे.

दुसरं कारण, न सुटलेला वाद. पाच स्वयंसेवक एका प्रकल्पावर काम करतात. एक म्हणतो उजव्या क्लिकच्या यादीत आपलं नाव हवं, दुसरा म्हणतो नको. वाद मिटत नाही, मग तोडगा निघतो: वापरणाऱ्यालाच विचारू. त्यांच्यातला वाद चौकट होऊन बाईंच्या पुढ्यात येतो. अकरा चौकटी म्हणजे अकरा न मिटलेले वाद.

तिसरं, कराराचं पान. हे मला सर्वांत चमत्कारिक वाटतं. अनेक मुक्तस्रोत एडिटर जीपीएल या परवान्याखाली येतात; नोटपॅड प्लस प्लस हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. त्या परवान्यातच स्पष्ट म्हटलं आहे की प्रोग्राम नुसता घ्यायला किंवा चालवायला हा परवाना मान्य करण्याची गरज नाही. तुम्ही त्याच्या प्रती वाटणार असाल, त्यात बदल करून पुढे देणार असाल, तेव्हा त्याच्या अटी लागू होतात. म्हणजे 'मला मान्य आहे' हे बटण बाईंकडून दाबून घेण्याचं कारणच नाही. परवाना सोबत द्या, मदतीच्या यादीत ठेवा. दारात उभं करून इंग्रजीतला करार मान्य करायला लावू नका.

निळ्या खिडकीबद्दल मात्र मी बनवणाऱ्यांना दोष देणार नाही. प्रोग्राम कोणी बनवला याची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं आणि ते पुन्हा पुन्हा नवं करावं लागतं. ज्याला पगार नाही त्यानं हा खर्च कुठून करायचा? नोटपॅड प्लस प्लसचे लेखक डॉन हो यांनी २०१९ मध्ये काही काळ प्रमाणपत्राशिवायच आवृत्त्या काढल्या. तो खर्च आणि खटाटोप त्यांना पटत नव्हता. आणि बाईंची शंकाही चुकीची नाही. २०१५ मध्ये गिंप या चित्रांच्या मुक्तस्रोत प्रोग्रामच्या विंडोज इन्स्टॉलरला सोर्सफोर्ज या साइटनं जाहिरातबाज सॉफ्टवेअर जोडल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला. नोटपॅड प्लस प्लसही त्याच वर्षी तिथून बाहेर पडलं. आधीच खूण केलेल्या चौकटींतून नको ते संगणकात शिरतं, हे लोक अनुभवानं शिकले आहेत. म्हणून तर चौकटी जितक्या कमी तितका विश्वास जास्त.

मग कसा असावा साधा इन्स्टॉलर? मला प्रोग्रामिंग येत नाही, पण बाईंच्या बाजूनं बसून पावणेदोन तास काढले आहेत. त्या अनुभवावर सांगतो.

एकच पान असावं. त्यावर एडिटरचं नाव, तो काय करतो याची एक ओळ आणि एक मोठं बटण. बाकीचे सगळे प्रश्न खाली 'आणखी पर्याय' या बारीक अक्षरांमागे. ज्याला पाथ कळतो त्याला तिथे जाता येईल. ज्याला कळत नाही त्याला तो शब्द दिसायलाही नको.

भाषा विचारू नये, ओळखावी. विंडोजमध्ये मराठी कळफलक टाकलेला असेल तर हा माणूस मराठीत लिहिणार, हे उघड आहे. नोटपॅड प्लस प्लसमध्ये मराठीची फाइल आहे, उर्दूचीही आहे. कोणीतरी वेळ खर्चून शेकडो ओळी भाषांतरित केल्या. ते कष्ट सेटिंगच्या आतल्या खोलीत पडून राहू नयेत.

आणि ती मराठी आपली असावी. 'प्रतिष्ठापना करा' असं मी एका ठिकाणी वाचलं. प्रतिष्ठापना गणपतीची होते. जठारपेठ चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात लोक म्हणतात, "भाऊ, सॉफ्टवेअर टाकून द्या." मग बटणावर 'टाका' लिहा, नाहीतर सरळ 'इन्स्टॉल करा' लिहा. 'पुढे', 'मागे', 'नको', 'झालं' हे शब्द पुरेसे आहेत.

संगणकाच्या मुख्य खात्याचा पासवर्ड मागू नये. शाळांत, वाचनालयांत, कार्यालयांत तो पासवर्ड कोणा 'इंजिनिअर'कडे असतो आणि तो इंजिनिअर फोन उचलत नाही. फक्त त्या माणसाच्या खात्यापुरतं सॉफ्टवेअर टाकता येतं. व्हीएस कोडनं २०१८ पासून विंडोजसाठी तसा वेगळा इन्स्टॉलर दिला. जमतं, म्हणजे जमतं.

उघडल्यावर पहिल्याच मिनिटाला मराठी लिहिता यावं. फॉन्ट निर्मला किंवा मंगल, अक्षर मोठं, फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन होणारी. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. विंडोजचं स्वतःचं नोटपॅड २०१९ च्या मे अपडेटपर्यंत न विचारता एएनएसआय या जुन्या पद्धतीत फाइल जतन करायला निघायचं. मराठी मजकूर असला की एक इंग्रजी सूचना यायची, माणूस घाईत ओके दाबायचा आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की नुसती प्रश्नचिन्हं. ते परत आणता येत नाहीत. त्याच अपडेटमध्ये मराठीचा फोनेटिक कळफलकही आला. एडिटरनं पहिल्यांदा उघडताना तो सुरू करायचं पान दाखवलं तरी निम्मं काम होईल.

आणि कधी एडिटर काढून टाकला, तर लिहिलेल्या एकाही फाइलला हात लागू नये.

माझे एक मित्र संगणकाच्या धंद्यात आहेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मियाँ, मुक्तस्रोत म्हणजेच निवड. प्रश्न काढून टाकले तर स्वातंत्र्य काढून टाकलं." मला हे पटत नाही. निवड कायम ठेवा, फक्त तिची वेळ बदला. पहिलीत नाव घालायला आलेल्या पोराला शाळेच्या दारातच समास ओळखायला सांगितला, तर त्याला व्याकरणाचं स्वातंत्र्य मिळत नाही; तो घरी परत जातो. महिनाभर वापरल्यावर बाईंना स्वतःलाच वाटेल की अमुक फाइल यातच उघडावी. तेव्हा विचारा.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: फुकट देतात आणि वर तुम्ही चुका काढता? अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा चौकाचौकांत पाणपोई लागते. मोहरमला आमच्या मोहल्ल्यात सबील लागते. ती लावणारा पैसे घेत नाही, पण रांजण हाताला येईल अशा उंचीवर ठेवतो, पेला धुऊन ठेवतो, सावली करतो. पाणी फुकट आहे म्हणून रांजण माडीवर ठेवला तर चालेल का? लावणाऱ्यालाच वाईट वाटेल की कोणी प्यायलं नाही. मुक्तस्रोतवाले मनानं याच जातीचे आहेत. म्हणून त्यांना हे सांगावंसं वाटतं. ज्यांना विकायचंच आहे त्यांना सांगायची गरज नाही, त्यांनी दार केव्हाच सोपं केलंय.

तिसरं म्हणणं असं की आता मोबाइलवर एका बोटानं सगळं येतं, संगणकाची चिंता कशाला. खरं आहे. पण मोबाइलवरचं ते दुकान कंपनीचं आहे, काय आत येणार ते कंपनी ठरवते. विंडोजवर अजूनही एखादा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून शेजारणीला देता येतो, इंटरनेट नसलं तरी. ती वाट सोपी केली नाही, तर लोक मुकाट्यानं दुसऱ्याच्या फाटकातून जातील आणि आपण म्हणत राहू की लोकांना स्वातंत्र्याची किंमत नाही.

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शेगावचं गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली मुलं दरवर्षी प्रोजेक्ट करतात. नवा एडिटर लिहू नका, आहेत ते भरपूर आहेत. एखाद्या चांगल्या मुक्तस्रोत एडिटरचा इन्स्टॉलर घ्या, आपल्या आजीला त्याच्यासमोर बसवा आणि तिला काही न सांगता शेजारी गप्प बसून पाहा. ती जिथे थांबेल ते पान काढून टाका. मग बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवा. त्यांनी नाही घेतला तर स्वतःच्या नावानं वाटा. परवान्यानं तो हक्क दिलाच आहे.

बाईंचं पुढे काय झालं ते सांगतो. चार दिवसांनी मी स्वतः जठारपेठेत गेलो. अक्षर मोठं करून दिलं, मराठी कळफलक लावून दिला. बाईंनी चहा ठेवला आणि तोवर पहिली दीड ओळ टाइप केली. मग म्हणाल्या, "माझ्या भावजयीलाही टाकायचं आहे हे. ती अमरावतीला राहते. फोनवर नको सांगू तिला, घाबरेल. कागदावर लिहून दे."

मी वहीचं पान घेतलं आणि लिहायला बसलो. निळ्या खिडकीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत एकोणीस ओळी झाल्या. बाईंनी त्या वाचल्या, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि म्हणाल्या, "एवढं ती नाही करणार."

तो कागद माझ्याकडेच आहे. त्या एकोणीस ओळींची एक ओळ होईल तेव्हा तो अमरावतीला पाठवायचा आहे.